नगा

शरणपूरच्या कारखान्यात आम्ही दोघं एकाच भात्यावर.
तो ओढायचा, मी तापलेलं धरायचो,
मग मी ओढायचो.
साहेबानं त्याचं नाव ठेवलं होतं तीतस.
खरं नाव गलगलो, संध्याकाळी जन्मला म्हणून.
माझंही साहेबानंच ठेवलेलं, नथानिएल,
पण जुन्या नावानं हाक मारणारं
दुष्काळानं कुणी ठेवलंच नव्हतं.

मराठी तो पावसाळ्याभरात शिकला.
आधी शिव्या, मग बाजारातला भाव, मग प्रार्थना.

गंगेवर जाताना एक उंबर लागायचा.
बुंध्याला लगडलेली फळं बघून
तो एकदा थांबला, खोडावर हात ठेवला,
म्हणाला, आमचं सरकार असल्या झाडाखाली बसतं.

मी हसलो.
सरकार म्हणजे कलेक्टर कचेरी, पट्टेवाला, लाल बासनं.
झाडाखाली न्हावी बसतो.

रात्री त्यानं राखेत रेघा ओढल्या. आठ.
आठ वर्षं एका तुकडीनं कारभार बघायचा.
आठ भरली की उठायचं,
काठी पुढच्यांच्या हातात द्यायची
आणि आपल्या गुरांकडे जायचं.
आणि नाही दिली तर?
त्याला प्रश्नच कळेना.
बरं, बापामागं पोरगं बसत असेल ना गादीवर?
पोरगं बापाच्या मागं पाच तुकड्या, तो म्हणाला.
पाच वेळा आठ.
बोटं मोडून पाहिली मी. चाळीस.

आमच्याकडे पाटलाचं पोर पाळण्यातच पाटील,
येसकराचं पोर पाळण्यातच येसकर,
पाळणा असला तर.

कायदा कुठं लिहिलेला?
लिहिलेला नाही. म्हाताऱ्यांना पाठ.
सभा भरली की एक जण मुठीत ओलं गवत धरतो
आणि म्हणतो, नगा.
सगळे म्हणतात, नगा.
नगा म्हणजे शांती. पाऊस. गाईच्या सडात दूध.

मला हसू आलं, आणि दुसरंही काही.
हा शब्द आमच्यातही होता.
दिंडोरीकडच्या आमच्या गावात
चावडीच्या पायरीखाली माझा बाप उभा
आणि वरून आवाज:
वर येऊ नगा.
सावली पाडू नगा.
काठी त्याच्याही हातात होती की,
घुंगरं लावलेली.

एके दिवशी खिळे पाडताना विचारलंच.
झाडाखाली सगळे बसतात?
सगळे.
बाया?
बायांची काठी वेगळी. त्या काठ्या घेऊन निघाल्या
की भाले उचललेले पुरुषही जागीच थांबतात.
पण बसत नाहीत.
आणि लोहार?

भाता एकदा पुरता भरला, पुरता रिकामा झाला.

भाले लोहाराचेच, तो म्हणाला. फाळही त्याचाच.
पण तो निराळा. त्याला पोरी देत नाहीत.
तो बाहेर.

मग त्यानं स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं,
ठिणग्यांनी गोंदलेल्या,
आणि ऐरणीवरचा तांबडा खिळा
तसाच काळा होऊ दिला.

तुला पळवलं तेव्हा कुठं होती रे सभा?
चालू होती, म्हणाला. चार दिवसांच्या वाटेवर.

पुढं साहेबानं त्याला आगबोटीनं मोंबासाला धाडला,
तिकडे लोहार हवे होते.
घण त्यानं स्वतःचा नेला.
पत्र नाही. पत्र कुठल्या भाषेत लिहिणार?

आता नाशकात म्युनिसिपालिटी आहे.
तिच्या दाराच्या बिजागऱ्या मीच ठोकल्या,
आत काय चालतं ते मला ठाऊक नाही.
दर आठ वर्षांनी मात्र हिशेब घालतो:
गलगलोच्या जोडीची पोरं आता बसली असतील,
आता उठली असतील,
आता गुरांमागं म्हातारी झाली असतील.

आणि तो?
चालत चालत पोचला असेल जर त्या झाडापाशी,
खांद्यावर घण, हातांना कोळशाचा वास,
तर कुणीतरी मान वर करून म्हणालं असेलच, नगा.

त्यांच्यातलं,
की आमच्यातलं?