डोंगर कुठल्या बाजूला

एका खाटेचे रात्रीचे आठ सोल.
सोबतच्या माणसाला चटई फुकट,
चूल सगळ्यांची, गॅस आपापला,
आणि अभ्र्याला निळी शाई लागली तर
मी बोलते. आधीच सांगून ठेवते.

शेक द्यायच्या आधी दवाखान्यात
मानेवर, छातीवर निळ्या रेघा आखतात.
सहा आठवडे पुसायच्या नाहीत म्हणतात.
पुसत नाहीतच. माझ्या चादरींवर उतरतात.
बावीस वर्षांत त्यावर साबण सापडला नाही.

सातुर्निनो आला ऑगस्टात,
सतरा तास बसमध्ये अंग आखडून.
गळ्यात गाठ, बरोबर बायको हेर्मेलिंदा
आणि गोणभर गोठवून सुकवलेले बटाटे.
पैशांऐवजी चालतील का, तिने विचारलं,
अर्धं तिच्या केचुआत, अर्धं माझ्या स्पॅनिशात.
नाही चालत, म्हटलं. वीजबिल बटाटे खात नाही.
मग गोण ठेवून घेतली.

पहिल्याच पहाटे तो गच्चीवर.
लिमाचं आभाळ म्हणजे
सहा महिने डोक्यावर ओली घोंगडी.
पडत काही नाही, वाळतही काही नाही.
आवाज तोवर गेला होता त्याचा.
हाताने उंचवटा काढून विचारलं:
डोंगर कुठल्या बाजूला?
माझ्या दोन्ही हातांत बादल्या.
कोपराने दाखवलं, तिकडे.

त्या ‘तिकडे’कडे तोंड करून
एकोणतीस पहाटा उभा राहिला.
कोकाची तीन पानं बोटांत धरायची,
फुंकर घालायची, ओठ हलवायचे.
थुंकीही गिळवत नव्हती, तेव्हासुद्धा.

मग पुतण्या आला टाकी दुरुस्त करायला.
काकू, तिकडे तर बंदर, म्हणाला,
मासळीच्या पिठाचा कारखाना.
नाक कुठे गेलं होतं तुझं?

सांगावं, की नाही सांगावं.
खालून रात्रभर त्याचा खोकला.
पहाटे त्याच्या आधी वर गेले,
दोरी सोडून त्या बाजूला आडवी बांधली,
चादरी टाकल्या. भिंतच केली.
आता तरी वळेल.

तो आला. चादरीची कड उचलली,
वाकून पलीकडे गेला
आणि उभा राहिला कारखान्याकडे तोंड करून.

बेचाळीस रात्री झाल्या, तीसचे पैसे दिले.
बाकीचं वहीत आहे. वही कोण बघतंय.

परवा हेर्मेलिंदाचा फोन.
रेंजसाठी कुठल्यातरी खडकावर चढली असणार,
वारा जास्त, ती कमी.
मऊ केलेलं गिळतो आता. आवाज नाही आला.
आणि तो विचारतोय,
तुमच्या गच्चीवरून दिसतो का डोंगर अजून?

फोन घेऊन मी वर गेले.
घोंगडी. मासळीचा वास.

दिसतो, म्हटलं.

पलीकडे ती त्याला सांगत राहिली,
बराच वेळ.
एवढ्याशा एका शब्दाचं
इतकं काय सांगायचं असतं केचुआत,
कोण जाणे.