मी सांगतो

सतरा सेकंदांची क्लिप.
आवाज वडगावच्या भागाक्का हुंदरेचा,
तीच खरखर, मध्येच तोच खाकरा:
"मी सांगते तुम्हाला, उद्या एकही पाटी शिल्लक ठेवू नका."
दुपारी तीनला आली,
पाचपर्यंत शहापूर, अनगोळ, येळ्ळूर, पार खानापूर.
सहाला नेट बंद.

मी स्कूटी काढली.
खडेबाजारात शटरं अर्ध्यावर,
कुंद्याच्या दुकानात दोघं बोलतायत
कन्नड की मराठी, कळू नये इतकं हळू.

भागाक्का मागाच्या खोलीत कांड्या भरत होती.
खटखटाटात ओरडूनच म्हणाली,
"मी कवा बोललो गे असं?
सकाळधरनं हितंच हाय, जेवलो सुदिक नाही!"

बोललो. जेवलो.
आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात.
"येतो मी," म्हणायची आई, आणि नळावर जायची.
पुण्यात शिकताना वर्ग हसला होता,
तेव्हापासून मी छापते 'सांगते'
आणि घरी, चप्पल काढल्यावर, सांगतो.

यंत्रही बहुतेक त्याच वर्गात बसलेलं.
आवाज उचलला त्यानं, खाकरासुद्धा,
मागांचा खटखटाट विसरलं,
आणि व्याकरण एकदम शुद्ध.

हवालदार हुक्केरी, घरी कन्नड,
फोन कानाला लावून दोनदा ऐकतो.
"अल्ल री, इदु नम्म अक्का अल्ल.
अक्का 'सांगतो' म्हणतात."
वहीत काहीतरी लिहितो.
कुठल्या भाषेत, ते मी बघितलं नाही.

रात्री डेस्कवर अक्काचं वाक्य
जसंच्या तसं टाईप केलं.
खाली लाल रेघ. नेट नसतानाही
संगणक अदबीनं सुचवतो: बोलले.
मी: बोललो.
तो: बोलले.
मी: बोललो.
मागून गावडे सर, "अगं, चूक राहिली."
"राहू दे सर. पुरावा तेवढाच आहे."

उद्या छापून येईल.
परवा नेट येईल, कुणीतरी पान चढवेल,
आणि कुठल्याशा गार खोलीत
यंत्र वाचेल, टिपून ठेवेल:
बेळगाव, वडगाव, बाई, वय पासष्ट, बोललो.
पुढच्या खेपेला चुकणार नाही ते.

म्हणून मी निघताना
कांडीवरची नजर न काढता
अक्का जे एक वाक्य म्हणाली,
ते बातमीत घातलं नाही.
इथंही नाही.
वडगावला आलात कधी,
तर सांगतो.