कितवा भाग

सावद्याला दुपारी अडीच ते चार
आम्ही दोघी चीनच्या राजवाड्यात असतो.
मोबाइल तेलाच्या डब्याला टेकवलेला,
पुढ्यात सूप, भुईमुगाच्या शेंगा.
खालच्या हिंदी ओळी मी आमच्या बोलीत सांगते,
कोकिळाबाईंचा चष्मा अजून भुसावळलाच आहे.

तरी मरण आधी त्यांनाच कळतं.
चौदाव्या भागात धाकटी राणी नुसतं म्हणाली,
"या नाशपातीला पाणी घालेल ना कुणी?"
जाऊबाईंचा हात सुपातच थांबला.
"गेली वं माय ही.
झाड सोपवते म्हणजे गेलीच."
साठाव्या भागात गेली.
पांढऱ्या रेशमाचा फास.

परवा नेट अडकलं.
राणीचं तोंड अर्धं उघडं,
मी आपलं बोलायचं म्हणून बोलले,
"मागल्या दारच्या केळीला पिलं फार झालीत.
या साली तुम्हीच काढा."

त्यांनी वर पाहिलं.

यांनी जळगावात दोन खोल्या बघितल्यात
हे मी भिंतीलाही सांगितलं नव्हतं.

पडद्यावर गोल फिरत होता, फिरतच होता.
जाऊबाईंनी एक शेंग फोडली,
दोन्ही दाणे माझ्या तळहातावर ठेवले.
"कितवा म्हणायचा वं
हा भाग?"