तूस

ताळगावच्या पठारावर वारा असतोच,
तरी दुरुस्तीच्या खोलीत खिडकी बंद.
पान उडालं तर दोनशे वर्षं उडतात.

टेबलावर कुंभारजुव्याकडची गावकीची वही,
कसरीनं कुरतडलेली, कडा बिस्किटासारख्या.
लिपी गोंयकानडी. ती वाचणारे शांबाबाब
मंगळवारी येतात, डोळ्यांत थेंब घालून.
बोट न टेकवता वाचतात:
मानस फुटली. खारें पाणी शेतांत शिरलें.
राखणदारास दंड...
मग थांबतात.
‘किती, ते कसरीनं खाल्लं. सुटला बिचारा.’

मी ब्रशनं शिवणीतली धूळ काढतो
तर एक तूस निघतं.
भाताचं. काळपट, कुसळासकट.

वनस्पतिशास्त्राची मेलविता जिना चढून धापा टाकत आली.
भिंग लावलं. ‘कोरगूट असेल,
खाऱ्या चिखलात तगणारा. मला द्या.’

रजिस्टरात रकाने आहेत:
ग्रंथ, नकाशा, छायाचित्र, इतर.
इतरमध्ये आजवर एक हातरुमाल
आणि बोटीचं अर्धं तिकीट.
द्यायचं की ठेवायचं,
ग्रंथपालबाईंनी वर दोन पत्रं पाठवलीत.
तोवर ते लिफाफ्यात, माझ्या खणात.

संध्याकाळी खाली झुआरीला भरती लागते
तेव्हा खण उघडून बघतो.
कोणी एक खळ्यावरून थेट
हिशेबाला बसला होता, अंग न झाडता.

त्याचं अक्षर मला वाचता येत नाही.
कुसळ अंगाला लागलं की मान कशी खाजते,
तेवढं येतं.