अक्षरामागे तीन पेनी

आमचं आडनाव फेब्रुवारी.
त्या महिन्यात जहाजातून उतरवलेल्या माणसाला
विकत घेणाऱ्यानं नाव विचारलं नाही,
तारीख पाहिली.
त्या माणसाचे आम्ही. याच्या मागचं ठाऊक नाही.

वडील, बॅरेंड फेब्रुवारी, पाट्या रंगवायचे,
पोर्ट एलिझाबेथला, साउथ एंडच्या उतारावर.
खाटकाची, शिंप्याची, मासळीवाल्याची पाटी;
मासळी अशी काढायचे की मांजरं फळीखाली बसत.
मग नगरपालिकेचं काम आलं.
'फक्त गोऱ्यांसाठी'. दोन भाषांत.
अक्षरामागे तीन पेनी.
इंग्रजीत दहा अक्षरं, आफ्रिकान्समध्ये बारा.
त्या वरच्या दोन अक्षरांत आमचा पाव यायचा.
आफ्रिकान्स तर आमच्याच घरातली,
आई चुलीपाशी आम्हाला हाका मारायची ती भाषा.
पाटीवर चढली की
ओळख द्यायची नाही.

बाकावर बसायला आम्हाला बंदी.
पण बाक रंगवणाऱ्याला
हातात ब्रश असेपर्यंत बसता यायचं.
ह्यूमवुडच्या किनाऱ्यावर
वडिलांनी एका बाकाला पूर्ण दिवस लावला.
मला आणि विलमिनाला बरोबर नेलं, डबे धरायला.
आम्ही समुद्र पाहिला, रंगाचे डबे मांडीवर घेऊन.
पोलीस दोनदा आला. वडील म्हणाले,
'ओलं आहे, साहेब.'

विलमिना गोरी होती, म्हणजे आमच्यात गोरी.
कचेरीत बाबूनं तिच्या केसांत पेन्सिल खोवली,
म्हणाला, मान हलव.
पेन्सिल पडली.
माझ्या केसांत तीच पेन्सिल अडून राहिली.
तिला वेगळं कार्ड मिळालं, मग वेगळी वस्ती, मग नवरा.
एकदा मेन स्ट्रीटवर समोरून आली
आणि दुकानाच्या काचेतल्या हॅटांकडे बघत गेली.
आईनं माझा हात दाबला. इतका, की
अंगठी रुतल्याची खूण संध्याकाळपर्यंत होती.
घरी कुणी काही बोललं नाही.
वडिलांनी त्या रात्री ब्रश धुतले नाहीत.

मग साउथ एंडही गोऱ्यांचं ठरलं.
दारावर कुणीतरी खडूनं आकडा टाकून गेलं.
वडील बघत उभे राहिले. म्हणाले,
'आठ बघ कसा काढलाय. खालचं पोट वरच्याहून लहान.'
बुलडोझर आला तेव्हाही ते आठबद्दलच बोलत होते.
गेल्व्हनडेलच्या घरात दोन खोल्या,
समुद्र नाही, आणि वारा मात्र तोच.

म्हातारपणी, हात थरथरू लागल्यावर,
नगरपालिकेचा माणूस पुन्हा आला. अदबीनं.
पाट्या काढायच्या आहेत, म्हणाला,
काही खरवडायच्या, काहींवर रंग.
दर काय?
'अक्षरामागे तीन पेनी.'
'पेनी कधीच गेल्या, काका.'
'मग शोधून आणा.'
आणि दार लावलं.
आई आतून ओरडली, पैसे हवे होते की रे आपल्याला.
हवे होतेच.
पाट्या दुसऱ्या कुणीतरी काढल्या. घाईघाईत.
स्क्रूची भोकं तशीच ठेवून.

एप्रिल चौऱ्याण्णव. शाळेच्या कुंपणाला वळसा घातलेली रांग.
वडील सकाळी सातपासून उभे, खुर्ची दिली तर घेईनात.
पुढे कुठेतरी पिकल्या केसांची एक बाई,
कान अगदी आईसारखे.
मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे.
'बोलावू?'
'रांग मोडू नकोस,' म्हणाले.
आत त्यांनी फुली इतकी वेळ काढली
की बाई दोनदा खाकरल्या.

परतताना म्हणाले, समुद्रावर ने.
तो बाक होता. वर हिरवा रंग, निष्काळजी, एकच हात;
ऊन तिरकं पडलं की खाली बावीस अक्षरं
फुगून दिसत होती.
वडील बसले.
उजवा हात गुडघ्यावर ठेवला, उचलला,
खिशात घातला, बाहेर काढला.
शेवटी मला म्हणाले,
'काहीतरी दे गं धरायला.'