अंगावर काढलेलं

पालथी हो. दगड कोमट आहे, बिचकू नकोस.
नाकही मुरडू नकोस. सडक्या अंड्यांचा हा वास
तिबिलिसीच्या पोटातून येतो,
दोन दिवस केसांत राहील. घरी विचारलं तर सांग, पाणीच तसं होतं.

मी त्सियाला. एकतीस वर्षं या घुमटाखाली पाठी चोळते.
चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत.
परवा बाजारात एक बाई म्हणाली, ओळखलंत का?
मी नाही म्हटलं. मग ती सांडलेले बटाटे वेचायला वाकली,
कण्याचा तो डावीकडचा बाक दिसला,
आणि मी ओरडले, अगं नातेला, तू!

बायका येतात कातडीचं गाऱ्हाणं घेऊन.
खवले, खाज, हनुवटीवरचे राठ केस,
बाळंतपणाचे पांढरे ओरखडे.
मी विचारते, झोपतेस किती?
जेवायला बसतेस, की चुलीशी उभ्या उभ्या उरकतेस?
पाळी कुठल्या महिन्यापासून बिनसली, आणि त्या महिन्यात घरात काय झालं?
त्या म्हणतात, ते राहू द्या, मलम सांगा.

मलम आहे ना. त्या खिडकीतल्या बाटलीत झेंडूचं तेल, पाच लारी.
पण तेल वरच्या मजल्यापर्यंतच जातं,
आणि धूर बहुतेकदा तळघरातून येत असतो.

एका मंगळवारी इर्मा आली.
भट्टीत पाव थापणारी, कोपरापर्यंत चटक्यांच्या खुणा.
म्हणाली, डाव्या खांद्याखाली तीळ आहे, खाजतो,
तिथे जरा जोर लावा.
मी पाहिलं.
तिळाची कड शाई फुटावी तशी फुटली होती,
काळ्यात एक निळा ठिपका, तो मला आवडला नाही.
मी किसा काढला, तो खरखरीत हातमोजा, बादलीच्या काठावर ठेवला.

"हे मी चोळणार नाही."
"मग तुम्ही आहात कशाला?"
"बाकीच्या पाठीला."
"गंधकानं सगळं जातं. माझी आजी म्हणायची."
"तुझ्या आजीच्या पाठीवर हे नव्हतं.
दवाखान्यात जा. आज. केस वाळायची वाट बघू नकोस."

गेली. चहाचे पैसे न देता, दार आपटून.
मालकीण म्हणाली, गिऱ्हाईक घालवलंस.

माझ्या आईने सगळं अंगावर काढलं,
ताप, दोन पडलेली पोटं, मग काखेतली गाठ.
शेवटी काढायला अंगच उरलं नाही.
तिच्या पाठीला मी कधी हात लावला नव्हता.
तेव्हा मी टपाल कचेरीत शिक्के मारायचे.

अकरा आठवड्यांनी, बर्फात, इर्मा परत आली.
न बोलता पालथी झाली.
खांद्याखाली चार बोटं लांब गुलाबी रेघ,
भट्टीत घालण्याआधी कणकेला सुरीने चीर द्यावी तशी.
मी किसा चढवला. मळ शेवयांसारखा सुटत गेला,
रेघेपाशी हात आपोआप हलका व्हायचा.
बऱ्याच वेळाने दगडातूनच बोलल्यासारखी म्हणाली,
"डॉक्टर विचारत होते, पाठीवरचं तुला दिसलं कसं?"
"मग?"
"म्हटलं, मला कुठलं दिसतंय."

जाताना तिने दोन चहांचे पैसे ठेवले, जुना आणि नवा.
मग अंगावरचा टॉवेल पुन्हा खुंटीला लावला
आणि मला म्हणाली, आता तुम्ही झोपा.

कणीक मळणारे हात ते. फार जोरात चोळते.
मी सांगितलं नाही.

चल, वळ आता, उताणी हो.
आणि अंग चोरू नकोस गं,
इतकं गरम पाणी वाया जातंय.