विरजण

स्विंडनच्या थंडीत दही लागत नाही.
ओव्हनचा दिवा लावा, शालीत गुंडाळा,
सकाळी दूधच, जरा रुसलेलं.
म्हणून आम्ही एकमेकींकडे विरजण मागतो.
एकच दही तेरा वर्षं चार गल्ल्यांतून फिरतंय.

ऋजुतानं कधी मागितलं नाही.
आमच्याकडे सगळं वेळेवर लागतं, तो सांगायचा.
तो, मंडळाचा निवेदक,
ज्याच्या कोट्यांवर हॉलमधल्या खुर्च्यासुद्धा हसायच्या.
मी खजिनदार. पावत्या बघते, माणसं नाही,
असं स्वतःला सांगत होते
ती जूनमध्ये लांब बाह्या घालून पंगतीत वाढत होती तेव्हा.
पुरीचं तेल उडालं, म्हणाली.
मी म्हटलं, बर्नॉल आहे माझ्या पर्समध्ये.
एवढंच म्हटलं.
हे माझ्या नावे टाकते. खर्चाच्या बाजूला.

कार्यकारिणीच्या बैठकीत कोजागिरीचं दूध ठरलं,
मग 'आयत्या वेळचे विषय'.
मीनल बोलली, आणि कप बशीत ठेवल्याचे आवाज झाले.
घरातलं आहे.
भांड्याला भांडं लागायचंच.
तिचा व्हिसा त्याच्यावर आहे, जरा विचार करा.
शेवटी अध्यक्ष, शांतपणे: झाकली मूठ सव्वा लाखाची.
मी बोलणार आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.
म्हटलं, मूठ कोणाची?
आणि उघड्यावर झाकलेली ती मूठ
घरी गेल्यावर कुठे पडते?

इतिवृत्तात दुधाचं माप आलं. हे नाही.

मग आम्ही चौघी, मीनलच्या गॅरेजमध्ये, हीटर मधोमध.
बार्बरा आली. हेच काम करत म्हातारी झालेली बाई.
म्हणाली, का सोडत नाहीस असं कधी विचारू नका.
आज रात्री कुठे झोपशील, ते विचारा.
पासपोर्ट, मुलाच्या लसींचं लाल पुस्तक, एक जास्तीची किल्ली:
सगळं माझ्या भाजणीच्या डब्यात, भाजणीखाली.
आणि खूण ठरली. त्याने फोन पाहिला तरी
त्याला त्यात स्वयंपाकघरच दिसेल अशी.

फेब्रुवारी. रात्रीचे पावणेतीन.
*विरजण आहे का?*

इथे एक चौक आहे, पाच चकरांच्या पोटात सहावी, उलटी फिरणारी.
इतकी वर्षं मी तो टाळून लांबून जायचे.
त्या रात्री गाडी सरळ आत घातली.
मागच्या सीटवर मुलगा, एका पायात बूट.
ती काही बोलली नाही. मीही नाही.
कुठे सोडलं त्या गावाचं नाव
मी या कवितेलाही सांगणार नाही.

पोलिसांनी फोनवर दुभाषी दिला, तो गुजराती निघाला.
म्हणून मी बसले.
ती म्हणाली, मार कमी होता हो, धाक जास्त.
धाक.
मी अडखळले. भीती नव्हे, भीती येते नि जाते.
धाक घरातच राहतो, त्याला वेगळी खोली लागत नाही.
शेवटी सांगितलं:
त्याची गाडी फाटकाशी वळली
की ही टीव्हीचा आवाज कमी करते.
मुलगाही, न सांगता.
ऑफिसरचं पेन थांबलं. मग त्यानं तेच लिहिलं.

पुढे काय, तर फार काही नाही.
दोघीजणी दुकानात मला पाहून दुसऱ्या रांगेत जातात.
तो निवेदन करतो, आता शेजारच्या गावात.
ऋजुता ड्रायव्हिंग शिकते आहे; दोनदा नापास झाली,
कळवताना तिसऱ्या परीक्षेची तारीखही कळवली.

आज पहाटे फोन थरथरला.
*विरजण आहे का गं?*
नंबर इंदुमतीबाईंचा. अध्यक्षांच्या घरून.
वय एकाहत्तर, संसार एकावन्न वर्षांचा.
त्या गॅरेजमध्ये कधी आल्या नव्हत्या.
त्यांना कोण सांगणार?

कदाचित त्यांना खरंच दहीच लावायचं असेल.

मी वाटी घेतली.
गाडीची किल्लीही.